सात आडव्या घड्या

॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, ४ फेब्रुवारी १९७४

ती. शिवपुत्र अण्णास धाकट्या बहिणीचा शि. सा. न. वि. वि.

तू पोचल्याचं कार्ड मिळालं. एवढा समुद्र समोर असून माणसाला चारच ओळी सुचाव्यात, याचं अव्वाला नवल वाटतं.

बातमी अशी की माझं लग्न वैशाखात धरलंय. अक्कलकोटचे भीमाशंकर मास्तर तुला ठाऊक आहेतच. त्यांचा कान पिळायला तूच हवास, तेव्हा रजेचं आत्तापासून बघ. अप्पांनी तुझ्या सुटासाठी राखी कापड आणलंय. तू दुकान सोडून नेव्हीत गेलास तो राग अजून आहेच. टेलरचा पोरगा बहिणीच्या लग्नात सरकारी कपड्यात उभा राहिला तर मशीन विकलेलं बरं, असं म्हणाले. तुझ्या त्या नेव्हीच्या बेलबॉटमवर तर फारच दात. कॉलेजची पोरं तसल्याच पँटी शिवून मागतात आणि अप्पा शिवता शिवता त्यांचा उद्धार करतात. त्यात मास्तरांच्या गौरम्मा आत्यांचा निरोप आलाय, की नवरीच्या भावाच्या नेव्हीच्या कपड्यांत गळ्याला असतं ते काळं फडकं मांडवात नको, अपशकुन होतो.

पण एक गंमत सांगते. गड्ड्याची यात्रा करून तू निघालास, त्याच्या आदल्या संध्याकाळी अप्पांनी तुझी पांढरी पँट गुपचूप ट्रंकेतून काढली. तिच्यावरच्या आडव्या घड्या बघून कुठल्या आळशी धोब्यानं ही चुरगाळलीय म्हणाले. ओलं फडकं घालून, कोळशाची इस्त्री फिरवून सगळ्या मोडल्या आणि मधोमध एक उभी घडी पाडली. दुकानात येईल त्याला सांगतात. राग राग करतात, पण जीव तुझ्यातच आहे बघ.

अव्वाचा आशीर्वाद. लोभ सोलापूरच्या उन्हासारखा रोज वाढता असू दे.

तुझी,
विजयमाला


विशाखापट्टणम, १६ फेब्रुवारी १९७४

चि. विजयमाला हीस अण्णाचे अनेक उत्तम आशीर्वाद.

लग्नाची बातमी वाचून आनंद झाला. मास्तरांना कान तेल लावून तयार ठेवायला सांग.

तर ते काम अप्पांचं होतं! मी रजेआधी पँट धुऊन देणाऱ्या इथल्या धोब्याला शिव्या घालत होतो. अगं, त्या घड्या चुरगळलेल्या नव्हत्या. पँट उलटी करून, मोजून मापून सात आडव्या घड्या पाडाव्या लागतात. सात समुद्रांच्या सात, असं म्हणतात. खरं कारण एवढंच की जहाजात कपाट कुठलं, कपडे लहान घडी करून पिशवीत कोंबायचे. मी गाडीतून उतरलो तो थेट तपासणीला उभा राहिलो. साहेबांनी त्या उभ्या घडीकडे असं पाहिलं, जणू सोलापूरचा बँडवालाच समोर उभा आहे. मग शिक्षा म्हणून तेव्हापासूनचे सगळे रविवार डेक घासण्यात गेले. घासताना पँट गुडघ्यापर्यंत झटक्यात गुंडाळली जाते, म्हणून ती खाली एवढी रुंद. फॅशन नव्हे ती.

आत्यांना सांग, गळ्यातलं काळं फडकं कुणा इंग्रज सरदाराच्या सुतकाचं आहे असं लोक म्हणतात, पण ते त्याच्याही आधीचं. तोफेवरची माणसं घाम डोळ्यांत उतरू नये म्हणून ते कपाळाला बांधायची. मागची निळी कॉलरसुद्धा पूर्वीच्या खलाशांच्या वेणीचं डांबर सदऱ्याला लागू नये म्हणून. कामातून आलेले कपडे आहेत सगळे.

मला याच कपड्यात तुझ्या लग्नात उभं राहायचंय. अप्पा नकोच म्हणाले तर सूट घालीन, हट्ट करणार नाही. पण मग त्यांनी माझी नोकरी कधीच आपली मानली नाही, हे मनात राहील, आणि ते फार लागेल.

इस्त्रीचं अप्पांना मात्र सांगू नकोस. मायेनं केलंय त्यांनी.

अव्वाला नमस्कार. आठवण धरतेस तशीच धरत जा.

तुझा,
अण्णा


॥ श्री सिद्धेश्वर प्रसन्न ॥
सोलापूर, २ मार्च १९७४

चि. शिवपुत्र यास अप्पांचे आशीर्वाद.

माझा हात सुईचा हाय, पेनाचा न्हाय. अक्षराला हसू नको.

आपल्या घरात पत्र मोठ्यानं वाचतात, हे नोकरीत विसरलास काय? विजयमाला अप्पांना सांगू नकोस इथवर आली आणि अडखळली, तवर मी सगळं ऐकून बसलो होतो. तुझी अव्वा पदर तोंडाला लावून हसली. मला दोन दिवस जेवण गोड लागलं न्हाय. घडी कशासाठी हाय हे विचारल्याशिवाय टेलरनं ती मोडू नये. माझ्यापायी तू रविवारी डेक घासलास. आणि वर मलाच सांगू नको म्हणालास पोरा, ते लई लागलं.

मग मी अक्कलकोटला जाऊन गौरम्मांना भेटलो. त्यांना म्हटलं, माझ्या गळ्यात जन्मभर टेप लटकतीय, ती काय माळ न्हाय, धंद्याची खूण हाय. पोराचं फडकं बी तसलंच, घामाचं. मी मांडवात टेप घालूनच उभा राहणार. काढायचं असेल तर आधी बापाच्या गळ्यातलं काढा. त्या कन्नडमधून जे बोलल्या ते हितं लिहीत न्हाय, पण शेवटी चहा दिला आणि हो म्हणाल्या.

पँट तूच घडी घालून आण. मी इस्त्रीला हात लावणार न्हाय. तेवढ्या सात घड्या कशा पाडतात ते दुकानात बसून एकदा दाखव. मलाबी शिकायचं हाय.

राखी सुटाची वाट बघू नको. चार बोटं आखूड करून तो जावयाला दिला, झकास बसला. आता मांडवात घालायला तुझ्यासाठी घरात दुसरं काही न्हाय.

तुझा,
अप्पा