खडीवरची खुर्ची

२ मे, मंगळवार

संध्याशाळेत आजपासून शेवटचा विषय: निसर्गनिरीक्षण. हा पास झालो की बारावीचं सर्टिफिकेट हातात, आणि सर्टिफिकेट आलं की गावच्या लायब्ररीतली नोकरी. त्यांनी जागा जूनपर्यंत माझ्यासाठी धरून ठेवली आहे. गणितात माझं जे झालं ते झालं. हा विषय मात्र सोपा दिसतो. बसायचं आणि बघायचं. बसणं मला जमतं.

ओस्टरगार्ड बाईंचे नियम: घराजवळची एक जागा निवडा. रोज तिथेच बसा. एकाच जिवाकडे बघा. पुस्तक नाही, फोन नाही, कुणाला विचारणं नाही. महिनाअखेरीस बाई स्वतः त्या जागी येणार आणि नुसतं बघून काय कळलं ते विचारणार. फळ्यावर लिहिताना बाईंचा एक शब्द चुकला. मी वहीत बरोबर लिहून घेतला.

३ मे, बुधवार

जागा ठरली. आमच्या कुंपणामागे लुथरन चर्चची गाड्या लावायची जागा आहे, नुसती खडी टाकलेली. रविवार सोडला तर तिथे कुणी फिरकत नाही. घडीची खुर्ची कोपऱ्यात मांडली.

डार्ला (मोठी बहीण, आणि घरात तिचंच चालतं) म्हणाली, अख्खा नेब्रास्का पसरलाय आणि तू पार्किंगमध्ये बसणार? मी म्हणालो, बघणाऱ्याला निसर्ग कुठेही दिसतो. ती म्हणाली, मग तुझ्या मोज्यांच्या खणात बघ, तिथे बरंच काही उगवलंय.

दुर्लक्ष केलं.

४ मे, गुरुवार, दुपार

पहिल्याच बैठकीत यश. एक पक्षी. तपकिरी पाठ, पांढरं पोट, गळ्यात दोन काळे पट्टे, पाय लांब. आणि बिचारीचा डावा पंख मोडलेला आहे. मला बघताच ओरडत आली आणि पंख जमिनीवर पसरून फरफटत चालू लागली. मी मागे गेलो. ती पुढे सरकली. पार नाल्यापर्यंत गेलो आम्ही. तिथे मात्र कशीबशी उडाली.

माझ्यात काहीतरी असावं. दुखणाईत जीव उगाच कुणाकडे येत नाहीत. आमचं बालपण तळघरात व्हिडिओ गेम खेळण्यात गेलं, पण ही जाण आतून असते.

संकल्प: तिला बरी करायची. बाईंना दाखवायला याहून चांगलं काय असणार?

५ मे, शुक्रवार

ब्रेड नेला. तिने खाल्ला नाही, चिमण्यांनी खाल्ला. भूक मेली आहे, हे चांगलं लक्षण नव्हे. बुटांचं खोकं नेलं होतं, आत टॉवेल अंथरून. खोकं बघून तिने दुप्पट आकांत केला. वेदना वाढली असावी.

शुद्धिपत्र: काल डावा पंख लिहिला होता. आज नीट पाहिलं, उजवा आहे. कालची नोंद खोडून दुरुस्त केली.

८ मे, सोमवार

पुन्हा डावा. शुक्रवारची दुरुस्ती खोडली. पान खराब झालं.

शक्यता: दुखणं एका पंखातून दुसऱ्यात जातं. मावशीची संधिवाताची कळ अशीच फिरायची.

आणखी एक निरीक्षण, महत्त्वाचं. मी घरी निघालो आणि कुंपणावरून मागे पाहिलं तर ती ताठ चालत होती. माझ्यासमोर दुःख मोकळं करून तिला हलकं वाटत असावं. तेव्हा जास्त वेळ बसायला हवं. उद्यापासून सकाळ-संध्याकाळ.

१० मे, बुधवार

एक नवीन कटकट. माझ्या कोपऱ्यात कुणीतरी नारिंगी शंकू आणून ठेवले आहेत, रस्त्याच्या कामाला लावतात तसले. बाईंनी हे दृश्य पाहिलं तर काय वाटेल? उचलून चर्चच्या भिंतीशी नीट एकात एक रचून ठेवले आणि खुर्ची पुन्हा जागेवर मांडली.

११ मे, गुरुवार

शंकू परत तिथेच. पुन्हा रचले. गावात रिकामटेकडी मुलं फार झाली आहेत.

पक्षीण आज माझ्या अगदी पायाशी आली, ओरडून ओरडून घसा बसला तिचा. इतका विश्वास माझ्यावर आजवर माणसांनीही टाकलेला नाही. डार्लाला अजून काही सांगितलेलं नाही. तिला सांगितलं की गोष्ट लहान होते.

१३ मे, शनिवार

आजचं लिहू नये असं वाटतं, पण रोज लिहायचा संकल्प आहे.

सकाळी बसलो होतो. पाद्रीबाई, म्हणजे मिसेस टॉफ्टे, दोन्ही काखांत शंकू घेऊन आल्या. म्हणाल्या, तर तू आहेस होय तो. आम्ही बायबलच्या वर्गातल्या कार्ट्यांना बोल बोल बोललो, एक तर रडला. मी म्हणालो, शंकू निसर्गात शोभत नाहीत. त्या म्हणाल्या, वेन्डल बाळा, जरा खाली बघ. तिथे नाही. खुर्चीच्या मागच्या पायाशी.

खडीच होती. मग खडीतले चार खडे अंडी झाले. ठिपक्याठिपक्यांची, हुबेहूब खडीच्या रंगाची. खुर्चीच्या पायापासून वीतभर.

मी म्हणालो, पण तिचा पंख मोडलाय. त्यांनी शंकू खाली ठेवले. मग म्हणाल्या, अरे टिटवी आहे ती. इथलाच ना रे तू? पंखाला काही झालेलं नाही. तुला अंड्यांपासून लांब न्यायला सोंग करते ती. सगळ्यांसमोर करते. मांजरासमोरसुद्धा करते.

मांजरासमोरसुद्धा.

मग त्यांनी विचारलं, तू रोज किती वेळ बसतोस? मी म्हणालो, सकाळ-संध्याकाळ, बराच वेळ. त्या म्हणाल्या, मग ती अंड्यांवर बसते कधी?

मी खुर्ची मिटली. मिटताना बोट चिमटलं.

१४ मे, रविवार

चूक भरून काढायची असं ठरवलं. आज गाड्या येणार, म्हणून प्रार्थनेच्या आधीच जाऊन शंकूंपाशी उभा राहिलो आणि गाड्यांना हात करून लांब वळवू लागलो. टिटवी माझ्या बुटांभोवती पंख फरफटत गोल गोल फिरत होती. लोक काचा खाली करून बघत होते. मिसेस टॉफ्टेंनी गाडी थांबवली आणि हळू आवाजात म्हणाल्या, वेन्डल, गाड्यांची तिला सवय आहे. तुझी नाही. घरी जा.

घरी आलो. डार्लाला सगळं सांगावं लागलं, कारण चर्चमधून तिला आधीच फोन आला होता. ती हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

१५ मे, सोमवार

परिस्थिती अशी. जागेवर बसलो तर अंडी थंड पडणार. नाही बसलो तर मी नापास. शिवाय जे कळलं ते नुसतं बघून कळलेलं नाही, सांगून कळलेलं आहे. म्हणजे नापास होण्याचं दुसरं कारणही तयार आहे. जागा बदलायला परवानगी नाही. बाईंना फोन करावा तर तेही विचारणंच झालं.

तोडगा: बाथरूमच्या खिडकीतून कुंपणापलीकडचा कोपरा दिसतो. तिथून निरीक्षण.

१७ मे, बुधवार

शंकू दिसतात. टिटवी दिसत नाही, खडीत मिसळून जाते. ती बसली आहे असं मानून चाललो आहे.

डार्लाने दार बडवलं. म्हणाली, तुझा पक्षी अंड्यांवर बसलाय, तू कशावर बसलायस ते बघ आणि ऊठ, मला कामावर जायचंय.

१९ मे, शुक्रवार, संध्याकाळ

चारच्या सुमारास गारा. लिंबाएवढ्या. डार्लाने ट्रक शेडमध्ये घातला. मी खिडकीशी होतो. मला राहवलं नाही. मोठी छत्री घेऊन पळालो. ती अंड्यांवर बसलेली होती, पंख जरासे पसरून, गारा अंगावर घेत. मी पोचलो तशी उठली. गारांतून पंख फरफटत निघाली, माझ्यासमोर, नेहमीसारखी. अंडी उघडी पडली.

छत्री अंड्यांवर धरावी तर तिथेच उभं राहावं लागणार. मी उभा असेपर्यंत ती परतणार नाही. छत्री ठेवून जावी तर वारा. काही सुचलं नाही. तसाच उभा राहिलो. मग पळत सुटलो. किती वेळ गेला ते सांगता येत नाही.

डार्ला मागच्या दारात टॉवेल घेऊन उभी होती. म्हणाली, वेन्डी, तू काहीही करू नकोस रे. एकदा तरी काहीही करू नकोस.

संकल्प: काहीही न करणे.

२३ मे, मंगळवार

पाळला. खिडकीचा पडदाही ओढून घेतला. हे निरीक्षण धरायचं का, माहीत नाही. संध्याशाळेत हजेरी दिली. शेजारच्याने त्याची मुंग्यांची वही दाखवली. आकृत्या रंगीत होत्या.

बाई गुरुवारी येणार.

२५ मे, गुरुवार

बाई आल्या. दोघं कुंपणाशी थांबलो, मी पुढे जाऊ दिलं नाही. तेवढ्यात मिसेस टॉफ्टे चर्चच्या दारातून हाका मारू लागल्या. पिल्लं पहाटेच निघाली. जन्मतात तीच चालत. ओली सुकली आणि आईमागे नाला ओलांडून मक्याच्या रानात गेली. कॉफीचा कप हातात घेऊन त्यांनी सगळं पाहिलं. म्हणाल्या, कापसाच्या बोळ्यांना काड्या लावल्यासारखी होती, तू बघायला हवं होतंस.

मी पडदा ओढून झोपलो होतो.

बाईंनी विचारलं, तर वेन्डल, नुसतं बघून काय कळलं? मी रात्रभर वाक्यं पाठ केली होती. एकही आठवलं नाही. म्हणालो, मी जवळ गेलो की तिचा पंख मोडतो. बाई म्हणाल्या, आणि? म्हणालो, आणि मी घरी आलो की बरा होतो. हे मला आठ तारखेलाच दिसलं होतं. मी वेगळं लिहून ठेवलं.

बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं आणि म्हणाल्या, पास आहेस.

मग त्या शंकूंपाशी गेल्या, आता जायला हरकत नव्हती. मीही गेलो. किती पिल्लं गेली ते मिसेस टॉफ्टेंना मी विचारलं नव्हतं. विचारायची गरज उरली नाही. खडीत एक अंडं तसंच होतं. हातात घेतलं. गार होतं, आणि वाटलं त्यापेक्षा जड.

बाई म्हणाल्या, एखादं राहतंच. मिसेस टॉफ्टे म्हणाल्या, एखादं राहतंच, बाळा. रात्री जेवताना डार्लाही तेच म्हणाली.

तिघींनीही फार पटकन सांगितलं.