चुकीची सफरचंदं

फ्रँकलिन, टास्मानिया
रविवार, १८ मे २००८

प्रिय रॉइस,

कसा आहेस? हा पत्ता अजून चालतो असं धरून लिहितेय. खाणीत तोंडाला फडकं बांधत जा, हयगय करू नकोस. इकडे आम्ही मजेत. दुपार झाली तरी नदीवरचं धुकं हलत नाही. बाबाही ठीक.

माझी एक गंमत सांगते. राज्यातल्या सगळ्या ग्रंथपालांना घरबसल्या शिक्षण सुरू झालंय, संगणकावर. दर आठवड्याला एक धडा: फोटो चढवा, ब्लॉग लिहा, दुसऱ्याच्या ब्लॉगवर प्रतिक्रिया द्या. माझी सगळी नोकरी वाचकांना ‘बोलू नका’ सांगण्यात गेली, आणि आता म्हणे वाचकांना बोलतं करा! शिकवणारी टेगन पोरसवदा आहे. परवा मला म्हणाली, “ग्लेनिस, घाबरू नका हो, संगणक चावत नाही.”

मला वाटलं होतं, ब्लॉग म्हणजे गृहपाठाची वही, फक्त टेगन बघणार. काय लिहू, म्हणून बाबांना विचारलं. म्हणाले, “बागेबद्दल लिही. स्टर्मर सफरचंद मार्चमध्ये उतरवतात म्हणावं.” मी निमूट लिहिलं. दुसऱ्याच दिवशी खाली कुणा अनामिकाची प्रतिक्रिया: “मार्चचं स्टर्मर खाल तर दात आंबतील. मेची थंडी लागू द्या. आत्याच्या तुकड्यातली तर सगळ्यात शेवटी उतरवायची.”

बागेच्या वरच्या तुकड्याला ‘आत्याचा तुकडा’ आपल्या घराबाहेर कोण म्हणतं रे? मी वाचनालयातच रडले. टेगनला सांगितलं, सर्दी झालीय.

घरी तुझं नाव काढलं नाही. प्रतिक्रिया तेवढी वाचून दाखवली. बाबा म्हणाले, “आगाऊच दिसतोय!” आणि ताटातलं सगळं जेवले. तेव्हापासून रोज मी दारात पाऊल टाकायच्या आत विचारतात, “तो शहाणा काय म्हणतोय?” मग पुढच्या धड्यासाठी मजकूर सांगतात. दर वेळी त्यात एक तरी चूक. छाटणी भर उन्हाळ्यात करा काय, कलम कुठेही बांधा काय! तूही एकही सोडत नाहीस.

शेवटी मी म्हटलं, “बाबा, विसरायला लागलात की काय?”

“विसरतोय कशाला! बरोबर लिहिलं तर तो कशाला बोलेल?”

झाडं उपटून चेरी लावू, असं तू म्हणालास, ते ‘चालता हो’ म्हणाले, आणि दोघांनी इतकी वर्षं तोंडं शिवून घेतली. मला तुमचा दोघांचाही राग येतो. मधल्यामध्ये माझे हाल!

वर ‘बाबाही ठीक’ लिहिलं, ते खरं नाही. फुप्फुसं गेली आहेत. खाटेवरून उठवत नाही. होबार्टचे डॉक्टर थंडी संपेपर्यंतचीही खात्री देत नाहीत. हे चारचौघांसमोर त्या प्रतिक्रियेच्या चौकटीत कसं लिहू? आणि पुढच्या आठवड्यात वर्ग संपला, की हे सरावाचे ब्लॉग बंद होतात. मग तुम्ही दोघं कुठे बोलणार? म्हणून हे पत्र.

आज शेवटच्या धड्यासाठी त्यांनी मजकूर सांगितला. खोकल्यामुळे एकेक शब्द थांबून थांबून. “लिही. माझा मुलगा काही आता घरी यायचा नाही.”

मी म्हटलं, “बाबा, हे खरंच टाकायचं?”

ते भिंतीकडे तोंड करून म्हणाले, “टाक. तो येईल दुरुस्त करायला.”

मी ते टाकलेलं नाही, रॉइस. तुलाच पाठवतेय.

नीघ.

तुझी,
ग्लेनिस