न विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे नोंदवल्याबाबत

प्रति,
मा. मुख्य माहिती-सुरक्षा अधिकारी,
रुग्णालय मंडळ, मुख्य कार्यालय, दुसरा मजला.

अर्जदार : तपासनीस, सॉफ्टवेअर तपासणी कक्ष, तळमजला (जिन्याखालची खोली).

विषय : हृदयरुग्णांच्या घरच्या पेट्यांचे निरोप घेणारे सॉफ्टवेअर एनक्रिप्शनच्या कोणत्या आवृत्त्या खरोखर चालवते, याची फेरतपासणी होण्याबाबत; ते न जमल्यास अर्जदारास रजा मिळण्याबाबत.

संदर्भ : १) जुनी आवृत्ती येत्या एक तारखेपासून बंद करण्याचा आपला आदेश.
२) अर्जदाराचा तपासणी अहवाल ‘हितसंबंधामुळे’ फेटाळल्याचे पत्र.
३) अर्जदाराची रजा नामंजूर केल्याचे पत्र.

महोदय,

वरील विषयाबाबत यापूर्वीही लिहिले आहे. पुन्हा लिहितो, कारण एक तारीख जवळ आली आहे.

१. ज्यांच्या छातीत आपल्या हृदयविभागाने यंत्र बसवले आहे, अशा रुग्णांच्या उशाशी एक छोटी पेटी दिलेली असते. छातीतल्या यंत्राने काही गडबड टिपली की पेटी ती रुग्णालयातील सॉफ्टवेअरला कळवते आणि विभागातून रुग्णाच्या घरी फोन जातो. हा निरोप वाटेत कोणी चोरून वाचू नये म्हणून तो सांकेतिक रूपात जातो. या सांकेतिक बोलीच्या, म्हणजेच एनक्रिप्शन प्रोटोकॉलच्या, जुन्या-नव्या आवृत्त्या आहेत. बोलणे सुरू होण्याआधी दोन्हीकडची यंत्रे कोणती आवृत्ती वापरायची ते आपसांत ठरवतात. दोघांना येणारी एकही निघाली नाही तर बोलणे होत नाही. जुनी आवृत्ती कमकुवत झाली आहे व ती बंद झाली पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. हे आधीच स्पष्ट करतो, कारण मागील अर्जावर ‘अर्जदार जुन्याला चिकटून आहे’ असा शेरा आला होता.

२. एखादे सॉफ्टवेअर कोणत्या आवृत्त्या चालवते हे त्याच्या माहितीपत्रकात लिहिलेले असते, पण त्यावर विसंबता येत नाही. खरे काय ते पाहायचे तर एकेक आवृत्ती घेऊन त्याच्याशी बोलून पाहावे लागते. आमच्या कक्षात हेच काम चालते. अडचण अशी की, कक्षातील सर्व संगणक सुरक्षेच्या कारणास्तव अद्ययावत करण्यात आले आणि त्या वेळी त्यांच्यातून जुनी आवृत्ती समूळ काढून टाकण्यात आली. आता आम्ही तपासणीसाठी ‘जुनी आवृत्ती’ हा पर्याय निवडतो तेव्हा आमचा संगणक पलीकडे काहीच पाठवत नाही. तोंडच उघडत नाही म्हणा ना. मग पलीकडून उत्तर तरी कसले येणार? तरीही अहवालात आपोआप छापले जाते : ‘जुनी आवृत्ती : नाही’. याच रीतीने हृदयविभागाच्या सॉफ्टवेअरला जुनी आवृत्ती येत नाही असे प्रमाणपत्र निघाले. आणि येतच नसेल तर बंद करायला हरकत कसली, म्हणून संदर्भ क्र. १ चा आदेश निघाला. मंडळातील एकूण एक सॉफ्टवेअर असे स्वच्छ निघाल्याबद्दल आमच्या कक्षाचा सत्कार झाला. एक गुच्छ मलाही मिळाला.

३. शंका आल्यावरून मी भंगारात काढलेला एक लॅपटॉप शिपायाच्या मदतीने सामानखोलीतून मिळवला. त्याच्याकडे वर्षानुवर्षे कोणी ढुंकूनही पाहिले नव्हते, म्हणून जुनी आवृत्ती त्याच्यात शाबूत होती. त्यावरून विचारताच सॉफ्टवेअरने जुन्या आवृत्तीत तत्काळ उत्तर दिले. नोंदी पाहता घरोघरच्या पेट्या रोज याच आवृत्तीत बोलतात. बहुतेकींना दुसरी येतच नाही. हा अहवाल सादर केला असता, सदर लॅपटॉप मान्यताप्राप्त नाही असे कळवण्यात आले. कारण काय, तर त्यात जुनी आवृत्ती चालते. म्हणजे ज्याला ती येते त्याने विचारलेले ग्राह्य नाही, आणि ज्याचे ग्राह्य आहे त्याला ती येत नाही. कक्षप्रमुखांना हे समजावताना माझ्या नाकी नऊ आले. शेवटी ते म्हणाले, “अहो, मशीनने नाही म्हटलंय ना? मग तुम्ही कशाला मधे पडता?”

४. नव्या पेट्या द्या आणि मग खुशाल बंद करा, असे सांगायला मी खरेदी शाखेत गेलो. जुन्या आवृत्तीच्या पेट्या अस्तित्वात असल्याचे प्रमाणपत्र आणा, असे तेथे सांगण्यात आले. ते प्रमाणपत्र आमचाच कक्ष देतो. हृदयविभागाच्या डॉक्टरबाईंनी सगळे शांतपणे ऐकून घेतले, पण आदेशावरचा आपला शिक्का पाहून त्यांनी हात जोडले. बंद झाल्यावर त्यांच्या पडद्यावर काय दिसेल, हेही मी विचारले. ज्याच्या पेटीकडून निरोप नाही, तो रुग्ण ‘तक्रार नाही’ या रकान्यात जातो.

५. आता माझ्या बहिणीविषयी. अशी एक पेटी माझ्या थोरल्या बहिणीच्या उशाशी आहे, हे मी पहिल्याच अहवालात प्रामाणिकपणे लिहिले होते. त्याचे फळ म्हणून संदर्भ क्र. २ चे पत्र आले : बहीण ही जवळची नातेवाईक असल्याने अर्जदाराची तपासणी निःपक्षपाती मानता येत नाही. बरे, तपासणी नको तर नको. निदान एक तारखेपासून तिच्याजवळ राहता यावे म्हणून मी रजा मागितली. आमचे भाऊजी मालट्रक चालवतात, त्यांचे बरेच दिवस रस्त्यावर जातात. ताई घरी एकटीच शिवणकाम करते. त्यावर संदर्भ क्र. ३ चे पत्र आले : विवाहित बहीण ‘कुटुंब’ या व्याख्येत बसत नाही, सबब रजा नामंजूर. दोन्ही पत्रांवर सही आपलीच आहे. तरी ती माझी कोण लागते, हे कार्यालयाने एकदाच काय ते ठरवावे, ही विनंती.

६. गेल्या हिवाळ्यात ताई शिलाई मशीनवर बसल्या जागी कोसळली. घर एका खोलीचे, त्यामुळे पेटी जवळच होती. पेटीने निरोप दिला, विभागाने फोन केला, तो उचलला गेला नाही म्हणून रुग्णवाहिका धाडली. शेजारणीला कळायच्या आत ताई रुग्णालयात पोचली होती. साहेब, ही व्यवस्था फार चांगली आहे. म्हणूनच जीव तुटतो. गेल्या रविवारी तिला सगळे सांगून टाकायचे ठरवून मी गेलो होतो. तिने उरलेल्या कापडातून पेटीला झालरीचा अभ्रा शिवला आहे आणि दिव्यापुरते भोक ठेवले आहे. दिवा हिरवा होता. तो एक तारखेनंतरही हिरवाच राहील, कारण तो फक्त वीज चालू असल्याचे सांगतो. कपडे न्यायला आलेल्या बाईंना ताई माझ्याकडे बोट दाखवून सांगत होती, “हा माझा भाऊ. ही पेटी ह्याच्याच ऑफिसात ऐकतात. मला कसली भीती?” मी चहा घेतला आणि परत आलो.

७. सबब विनंती की,
(अ) आदेश थांबवून त्या जुन्या लॅपटॉपवरून आपल्यासमक्ष एकदा तपासणी व्हावी. आपला चहा निवायच्या आत होईल.
(आ) ते शक्य नसल्यास, पेटी मुकी होणार असल्याचे माझ्या बहिणीस कार्यालयाच्या कागदावर कळवावे. हिरव्या दिव्यापुढे माझ्या शब्दाला ती भीक घालणार नाही. मात्र आपल्या दप्तरी अशी पेटीच नसल्याने तसा कागद निघणे अवघड आहे, याची मला कल्पना आहे.
(इ) तेही शक्य नसल्यास, बिनपगारी का होईना, रजा मिळावी.

रजा मिळाली तरी ती कधीतरी संपेल व मला कामावर परतावे लागेल. तोवर पेटीच्या जागी मी बसेन. मला तिच्या छातीतले ऐकू येत नाही. ती पडली तर दिसेल, एवढेच.

या अर्जाला उत्तर येईल अशी मागील अनुभवावरून आशा नाही. न आल्यास आपली हरकत नाही असे धरून मी एक तारखेस सकाळी बहिणीकडे जाईन. पलीकडून काही आले नाही तर ‘नाही’ लिहायचे, ही आपल्या कार्यालयाचीच रीत आहे.

अजूनही आपला नम्र,
(सही)
तपासनीस, सॉफ्टवेअर तपासणी कक्ष
दिनांक : चालू महिन्याची अठ्ठावीस

सोबत :
१) संदर्भातील तिन्ही पत्रांच्या प्रती.
२) जुन्या लॅपटॉपवरील तपासणीचा अहवाल (अग्राह्य).
३) सदर लॅपटॉप. हा जोडता आलेला नाही. अर्ज टंकून झाल्यावर तो घ्यायला सामानखोलीत गेलो असता, तो सुरक्षेच्या कारणास्तव आज सकाळीच फोडून टाकण्यात आल्याचे समजले. तरी परिच्छेद ७ मधील विनंती (अ) केलेलीच नाही, असे समजावे.