काचघरात उगवलेला भात

आत्या, तुमचा पणतू इंदुरीकडं पॉलीहाऊस टाकून बसलाय. त्यात माती नाहीच. नारळाचा भुसा पिशव्यांतून विकत आणतो, त्यात ढोबळी मिरची लावतो आणि वर मला समजावतो, "आजी, ह्यात मुळाला हवा मिळती." मी म्हटलं, शहाण्या, तुझ्या पणजीनं बंगलेवालीची गादी फाडून हेच केलं होतं, तेव्हा तुझा बाप पाळण्यातसुद्धा नव्हता. सुनेच्या तोंडून सासूचं कौतुक त्याला नवीन. मलाही जरा जडच गेलं.

लोणावळ्याच्या त्या बंगल्यात माळीकाम तुमच्याकडं होतं, आणि लग्न होऊन आल्यावर मी तुमच्या हाताखाली. मागच्या अंगाला काचेची खोली होती, आपण काचघर म्हणायचो. बाहेर पाऊस कोसळत असताना आत टमाटे काढायची बाईसाहेबांना हौस. पण आपली तांबडी माती कुंडीत बसून तिची वीट व्हायची आणि मुळं सडायची. दोन पावसाळे असेच गेले. मग बाईसाहेबांनी सांगून टाकलं, यंदा टमाटे आले नाहीत तर काचा उतरवून तिथं मोटार लावणार. तुमचं काय, तुम्ही बागेत राहिलाच असता. माझी मात्र रवानगी खाली कार्ल्याला, लोकांच्या खाचरात, गुडघाभर चिखलात दिवसभर वाकून भाताच्या आवणीला. आणि मला तर कोरड्या पायांची चटक लागली होती.

"मातीच नगं," तुम्ही म्हणालात. "हितल्या मातीत मूळ गुदमरतंय." पेंढा खड्ड्यात कुजवला, शेण कालवलं, झाडाखालचा पाचोळा चाळून घेतला. बाईसाहेबांनी टाकून दिलेली गादी उसवून तिचा काथ्या माझ्यापुढं ओतलात. "बारीक तोड. केस विंचरल्यावानी काय करतीस? रागानं तोड." तुमच्यासारखी सासू असल्यावर रागाला काय तोटा! हे सगळं आंब्याच्या जुन्या करंड्यांत भरलं. करंडी कुजली तर, मी विचारलं. "कुजू दे की. उद्या करंडीसकट पुरायची, तिचंबी खत." खड्ड्यातलं कमी पडलं म्हणून तुम्ही वरून आपल्या खळ्यातला झाडलोटीचा भुसा घातलात. मी म्हटलं, "आत्या, ह्यात दाणं हायेत." "आली लय दाणं वळखणारी," तुम्ही म्हणालात.

थोड्याच दिवसांत काचघरभर भात! पोपटी, दाट, लुसलुशीत. टमाट्याची रोपं त्यात शोधावी लागत होती. तुम्ही दारात उभ्या, तोंड उघडं. मी दात दाखवत शेजारी. तेवढ्यात बाईसाहेब आल्या, मागं मुंबईच्या पाहुण्या. "हे काय उगवलंय?" झालं, माझे पाय चिखलात गेलेच म्हणायचे. तर तुम्ही पदर सावरता आणि म्हणता, "करवली हाय बाईसाहेब. नवरीच्या आदी करवली येती का न्हाई? भात यून जागा बघून जातो, मंग टमाटं." पाहुण्या इतक्या हसल्या की बाईसाहेबांनाही हसावंच लागलं. "बघू तुझी नवरी कधी येते," म्हणून गेल्या. दार लागलं आणि मी खालीच बसले. तुम्हीपण. आवाज बंगल्यात जाऊ नये म्हणून दोघी तोंडात पदर कोंबून हसतोय, डोळ्यांतनं पाणी वाहतंय, एकमेकींकडं बघायची सोय नाही. मी भात उपटायला हात घातला तर तशातही माझ्या हातावर चापट. "उपटू नगंस, टमाट्याचं मूळ हालंल. नखानं खुड." खुडता खुडता तुम्ही हळूच म्हणालात, "करवली!" की परत सुरू.

नवरी आली, आत्या, आणि काय थाटात आली! मधमाश्या काचेच्या आत येईनात, म्हणून आपणच फुलांना टिचक्या मारून पराग झाडत फिरलो. दसऱ्याच्या आधी फांद्यांना भार पेलवेना, सुतळीनं बांधाव्या लागल्या. बाईसाहेबांची मोटार बाहेरच भिजत राहिली आणि मी आत, कोरडी.

हे पत्र काही पेटीत टाकायचं नाही, तुम्ही गेलात तिकडं पोस्टमन जात नाही. तुम्हाला वाचताही येत नव्हतं, म्हणून तर लिहायचा धीर होतोय. त्या करवलीच्या दिवसापर्यंत तुम्ही मला मुळीच आवडत नव्हता. त्या दिवसापासून लय आवडायला लागलात. कधी बोलले नाही. बोलले असते तर डोक्यावर बसला असता.