सात नंबरची मुळं

१८ मे
सात नंबरच्या तीन कुंड्या आज फोडल्या. आमच्या बियाणे केंद्राचे साहेब पाहुणे घेऊन येणार, म्हणून मॅडम म्हणाल्या, "मुळं जरा नीट धू. फोटो काढायचेत." एरवी मी मुळं बादलीत बुडवून हलकेच हलवतो. आज सिंकमध्ये नळाखाली धरली, वर दात घासायचा जुना ब्रश फिरवला. माळीकाका दारातून म्हणाले, "पार्लर उघडलंस का रे, नवरदेवा?" मुळं दोऱ्यासारखी पांढरीशुभ्र झाली. एकही मणी नाही!

मणी म्हणजे सूत्रकृमीच्या माद्या. (सू दीर्घ. कोशात पाहिलं.) मोहरीहून बारीक, मुळांना चिकटून झाड शोषतात. सोयाबीनच्या प्रत्येक वाणाच्या कुंडीत आम्ही त्यांची अंडी सोडतो, महिन्याभराने मणी मोजतो. चार नंबरवरही मणी नव्हते, पण शेंगा देताना त्याचा हात आखडता. सात नंबर गेल्या हंगामात शेंगांनी लगडला होता. त्याला ही कीडही लागत नाही म्हटल्यावर मॅडमनी सगळ्यांना चहा सांगितला.

१९ मे
साहेबांनी पाहुण्यांसमोर माझी पाठ थोपटली. मामांना फोन केला. हे काम त्यांनीच लावून दिलं. त्यांचं शेत याच किडीने दरवर्षी पिवळं पडतं. म्हणाले, "भाच्या, तुझ्या तोंडात साखर पडो."

२० मे
सिंक तुंबलं. जाळी उचकटली तर खालच्या गाळात मणी. या सिंकमध्ये सात नंबरशिवाय दुसरी मुळं कधीच धुतलेली नाहीत.

मी गाळ खरवडून बाहेर फेकला. जाळी घासून जागच्या जागी बसवली.

२१ मे
मामा स्वतः आले. मॅडमना म्हणाले, "पोराला शाळा झेपली नाही, पण हात बघा त्याचा. भांडंसुद्धा दोनदा विसळतो." मॅडम हसल्या. सात नंबरचं बियाणं पहिलं तुम्हालाच, म्हणाल्या. मामा सगळ्या शेतात तेच पेरणार. मी कप विसळत होतो. पाठ फिरवून उभं राहायला बरी जागा होती.

२२ मे
सांगायचंच असं ठरवून मॅडमच्या खोलीत गेलो. "मॅडम, तुमचा पंखा आवाज करतोय," एवढंच सांगून आलो. मग पंख्याला तेल घालत बसलो.

२४ मे
सांगितलं. ब्रश, सिंक, गाळ, सगळं. मान खाली होती, त्यामुळे त्यांच्या चपला तेवढ्या दिसत होत्या.
"ब्रशने?" म्हणाल्या. मग, "सात नंबरच्या राखीव दोन कुंड्या आहेत ना? उद्या एक बघू. कुणापाशी बोलू नकोस."
रागावल्या नाहीत. घरी आज पोटभर जेवलो. आई म्हणाली, "आलं का एकदाचं पोट ताळ्यावर?"

२५ मे
राखीव कुंडी फोडली. मॅडम शेजारी उभ्या होत्या. मी मुळं बादलीत नुसती बुडवली, हात लावायलाही भ्यालो. बाहेर काढली तर जिकडेतिकडे मणी. चार नंबरच्या जवळपासही नाही हा वाण. मॅडमनी ते मूळ बराच वेळ हातात धरलं. मोजायला सांगितलं नाही. मी विचारलं, "मामांना काय सांगू?" म्हणाल्या, "मी बघते."

लाज वाटते, पण आता हलकी. निदान मामांचं शेत तरी वाचलं.

२७ मे
शेवटची राखीव कुंडी आज. सिंकपाशी नवा ब्रश ठेवलेला होता, वेष्टनही काढून. मॅडम खिडकीकडे बघत म्हणाल्या, "साहेब अकराला येतायत. त्या दिवशी धुतलीस तशीच धू."

धुतली. दुपारी बियाण्याची पोती मामांकडे गेली. टेम्पोत मीच चढवली.

ब्रश चांगला आहे. मऊ.