पाळण्यांची खोली

१२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

रक्त तपासणारी मंडळी आपल्या गावात येऊन गेली, त्यांच्या सगळ्या नळ्या इथे आमच्याच रक्तपेढीत आल्या. म्हणून तुझा आणि भाचीचा निकाल मी आधी पाहिला. दोघींच्या रक्तात तो विषाणू आहे. माझ्याही आहे. हा एचआयव्ही नव्हे, त्याचा लांबचा भाऊबंद, नाव एचटीएलव्ही. जगात काही थोड्या ठिकाणीच तो पिढ्यान्‌पिढ्या ठाण मांडून बसलाय, त्यांतलं एक आपलं गाव. बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. पण काहींचे पाय ताठतात, काहींना रक्ताचा कर्करोग होतो. आईचे पाय गेले ते वातानं नव्हे, ताई.

औषध नाही. आईच्या दुधातून तो मुलाकडे जातो, जितके जास्त महिने पाजावं तितकी भीती जास्त. भाचीचे दिवस भरत आलेत. बाळाला अंगावर पाजायचं नाही, पहिल्या दिवसापासून बाटली. पावडरीचे डबे मी पाठवत राहीन, तुम्ही पाणी तेवढं उकळून घ्या. हे तिला सांगायचं काम तुझ्यावर टाकतेय, कारण माझा धीर होत नाही.

आहेस तशी माझ्यावर माया ठेव.
तुझी,
धाकटी


२ एप्रिल

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

मुलगा झाला. नाक तुझ्यावर गेलंय, त्याला आता काय इलाज? भलताच गुटगुटीत आहे, म्हणून मी त्याला ठोंब्या म्हणते.

लेकीला सगळं सांगितलं होतंच. तिनं शब्द पाळला, पण काय हाल झाले तिचे! दूध दाटून ताप भरला, छाती दगड झाली. पोर रडलं की दूध आपसूक पाझरायचं, कपडे भिजायचे, आणि मी त्याच्या तोंडात रबर कोंबायचे. ती भिंतीकडे तोंड करून पडायची. सख्खी आई असून मी तिची वैरीण झाले.

कुणी विचारलं की दूध आटलं म्हणून सांगतो. खरं सांगावं तर गावभर बोभाटा व्हायचा. पुष्कळ बायका तपासायला फिरकल्याच नाहीत. माझी धाकटी जाऊ म्हणाली, मला काय धाड भरलीय? तिच्याही मांडीवर तान्ही पोर आहे.

स्वतःला जप. तुझ्या रक्ताचं लिहिलंस, तेव्हापासून घास गोड लागत नाही.
तुझी,
ताई


२० ऑगस्ट

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

जूनपासून लेक पुन्हा जाळ्यांच्या शेडमध्ये विणायला जाते, माझी जाऊही तिथेच असते. ठोंब्याला सोबत नेते. मागची पाळण्यांची खोली अजून तशीच आहे, तू नि मी तिथेच वाढलो. लेक तिथे उकळलेल्या पाण्याची बाटली आणि पावडर ठेवून येते. पोरांकडे आळीपाळीनं बायका बघतात.

ठोंब्यानं चांगलंच बाळसं धरलंय. गंमत म्हणजे बाटली अर्धीच पितो. उरलेलं दूध रोज फेकून द्यावं लागतं, म्हणून पुढच्या वेळी डबे कमी पाठव. लेक आता हसते-बोलते. परवा म्हणाली, आई, एवढं सोसलं त्याचं चीज झालं.

तिकडे जेवणाची हेळसांड करू नकोस. आमचं बरं चाललंय.
तुझी,
ताई


२७ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र मिळाल्याबरोबर हातातलं काम टाकून शेडमध्ये जा. अर्धी बाटली पिऊन कुठल्या पोराला बाळसं येतं? त्या खोलीची रीत तू विसरलीस का? जिला सुट्टी होईल तिनं रडणारं पोर उचलायचं आणि छातीशी लावायचं, मग ते कुणाचं का असेना. माझी शंका खोटी ठरली तर मला खुशाल वेडी म्हण.

रागावू नकोस, लगेच कळव.
तुझी,
धाकटी


१६ सप्टेंबर

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तू वेडी नाहीस. जाऊ पाजत होती, जूनपासून, रोज. मी गेले तेव्हा ठोंब्या तिच्या कुशीत होता, आणि मला बघून ती हसली. म्हणाली, आईचं दूध आटलेलं पोर रबर चोखताना बघवेना. माझं काय झिजतं? आम्हीच तर सांगितलं होतं, दूध आटलं म्हणून. तिला कुठल्या तोंडानं बोलू?

मग खरं काय ते सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती आपण होऊन तपासायला गेली. निकाल तुझ्याच हाताखालून आला असेल. तिलाही आहे. आता तिला स्वतःच्या पोरीचा घोर लागलाय. ठोंब्याचं आत्ताच नक्की सांगता येत नाही, आणखी वर्षभरानं पुन्हा तपासू, असं डॉक्टर म्हणतात. तोवर वाट बघण्याखेरीज आपल्या हाती काही नाही.

लेकीपासून लपवणं मला जमलं नाही. ती रडली नाही, काकीला बोलही लावला नाही. पोराला मांडीवर घेतलं. मग मला म्हणाली, की असंच व्हायचं होतं, तर निदान मी तरी पाजलं असतं.

तिला काय सांगू, ते लिही. आमच्यावरचा जीव कमी करू नकोस.
तुझी,
ताई