दूध शून्य, सबब रेडा

सोमवार, ४ ऑगस्ट
सुदुंबऱ्याच्या डेअरीतलं सगळ्यात मोठं काम चेअरमन महिपतीभाऊंनी माझ्यावर टाकलं. आमची दुधाची नोंद आणि जनावरांच्या डॉक्टर समीक्षा मॅडमची यादी, दोन्ही कॉम्प्युटरवर एकमेकांशी जुळवायच्या. जमलं तर पंधरा ऑगस्टला नोकरी पर्मनंट! अशा याद्या जुळवण्याला ऑन्टॉलॉजी मॅचिंग म्हणतात. व्हिडिओ पाहिला. अर्धाच पाहिला, पण कळायचं ते कळलं.

मंगळवार, ५ ऑगस्ट
अडचण. मॅडमकडे नर की मादी असा कॉलम आहे. आमच्याकडे नुसतं जनावर, मालक आणि रोजचं दूध. डेअरीची पेंड मिळावी म्हणून लोकांनी बैल-रेडेही त्यातच घुसवलेत. मॅडम म्हणाल्या, गोठ्यांत जाऊन बघून या. एवढ्या चिखलात? मी कॉम्प्युटरचा माणूस.

संध्याकाळी. सुचलं! दूध देते ती मादी. दूध शून्य, तो नर. एका फॉर्म्युल्यात अख्खं गाव जुळलं. स्वतःलाच वडापावची पार्टी दिली.

शुक्रवार, ८ ऑगस्ट
गावात रेडे फार वाढलेत. भाऊंनाही नवल वाटलं. म्हटलं, भाऊ, डेटा खोटं बोलत नाही. मॅडमनी लगेच खच्चीकरणाचं शिबिर लावलं. बुधवारी. पहिलं नाव कोंडूआबांचं.

सोमवार, ११ ऑगस्ट
आबा डेअरीत येऊन ओरडले. म्हणे, म्हस गाभण हाय म्हून आटलीया, माज्या गोठ्यात रेडा कुटनं आनलास? शांतपणे समजावलं की आबा, सिस्टिम आपल्यापेक्षा हुशार असते. त्यावर ते जे म्हणाले ते लिहीत नाही.

बुधवार, १३ ऑगस्ट
सकाळी. आज माझा दिवस. नवा शर्ट घातला.

दुपारी. शर्ट गेला. मॅडम सामान घेऊन आबांच्या गोठ्यात पोचल्या, मागे भाऊ, मागे निम्मं गाव. तोवर माझा रेडा व्याला होता. रेडकू झकास आहे. मॅडम हसून हसून भिंतीला टेकल्या. मी खात्री करायला वाकलो आणि म्हशीनं लाथ घातली. लय लाज वाटली. तरी आबांनी चीक आमच्याही घरी पाठवला. खरवस छान झाला.

शुक्रवार, १५ ऑगस्ट
झेंडावंदनानंतर भाऊंनी माइकवर जाहीर केलं, विकास पर्मनंट. टाळ्या! मग काम सांगितलं. कॉम्प्युटर मॅडम बघणार. मी रोज गोठोगोठी जायचं, एकेका जनावराची शेपटी उचलून बघायची आणि मॅडमना फोन करायचा.

घरी सांगितलं, फील्ड ऑफिसर झालो. आईनं गमबूट आधीच धुऊन दारात ठेवले होते.